लहान कॉलेजचा बास्केटबॉल
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठाच्या डाव्या हाताला आज जिथे पाण्याची टाकी आहे, तिथे 1979 साली एक लोखंडी खांब होता आणि त्या खांबावर एक वाकलेली रिंग होती. समोरच्या बाजूला दुसरी रिंग नव्हतीच. त्यामुळे आमच्या शाळेत बास्केटबॉल अर्ध्या मैदानावरच खेळला जाई, आणि तोही कबड्डी व खो-खोच्या मुलांचे मैदान रिकामे झाल्यावर. आमच्या ड्रिलच्या सरांनी मला तो चेंडू दिला त्यामागे माझ्या गुणांची पारख वगैरे काही नव्हती. कबड्डीत मी पहिल्याच चढाईला बाद होत असे, एवढेच. त्या चेंडूने मला पुढे सोलापुराहून थेट कावेरीच्या काठावर नेले. संयोजकांनी 'आपल्या क्षेत्रातील अनुभव' सांगायला बोलावले आहे. माझे क्षेत्र म्हणजे लहान कॉलेजचा बास्केटबॉल. विषय छोटा आहे, पण त्यात मुलांची आयुष्ये गुंतलेली असतात, आणि समोर पालक बसले आहेत, म्हणून तोच बोलायचे ठरवले.

पदवीनंतर मी मद्रासला नंदनम येथील वाय.एम.सी.ए.च्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयात गेलो. हॅरी क्रो बक यांनी 1920 साली सुरू केलेली ही संस्था, आणि बास्केटबॉल हे मुळात वाय.एम.सी.ए.चेच अपत्य. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्डच्या वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण शाळेत पीचच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून हा खेळ मांडला. हिवाळ्यात तरुणांना छपराखाली व्यायाम मिळावा, एवढाच हेतू. तिथून मी 1986 साली कुंभकोणमजवळच्या एका लहानशा विनाअनुदानित कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालो. तमिळनाडूत या पदाला सगळे 'पी.डी.' म्हणतात. पुढची 35 वर्षे मी 'पी.डी. सार' म्हणूनच जगलो.

घर केले ते तिरुभुवनम् या गावी. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सात-आठ किलोमीटरवर हे गाव आहे. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे मोठे मंदिर तिथे आहे, शरभाची प्रसिद्ध मूर्तीही तिथेच. पण मला ते गाव पहिल्या दिवशीच आपले वाटले ते मागांच्या आवाजामुळे. सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या माणसाला मागाच्या ठेक्यावाचून झोप येत नाही. तिरुभुवनम्‌चे माग रेशमाचे. पंख्यासारख्या घडीच्या, 'विसिरी मडिप्पु'च्या साड्या तिथे होतात, आणि 2019 मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. विणकर बहुतांश सौराष्ट्र समाजाचे. शतकानुशतके तमिळ देशात राहूनही घरात त्यांची स्वतःची भाषा टिकून आहे. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजीने मला 'पानी' विचारले तेव्हा मी दचकलो होतो. तंजावर तर आपल्या भोसल्यांचे. बॉल बॅडमिंटन हा पिवळ्या लोकरी चेंडूचा खेळ 1856 च्या सुमारास तंजावरच्या राजघराण्यात खेळला जाई असे सांगतात. तेव्हा क्रीडाशिक्षक म्हणून मी अगदीच परमुलखात होतो, असे म्हणता येणार नाही.

आता खेळाची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आमच्या भागातील कॉलेजे तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठाशी संलग्न. पावसाळ्यात विभागवार आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात. त्यात जिंकणारे आंतरविभागीय स्पर्धेला जातात. तिथपर्यंत कॉलेज कॉलेजच्या नावाने खेळते. मग विद्यापीठाचा बारा जणांचा संघ निवडतात, तो दक्षिण विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि चारही विभागांतील पहिले संघ अखिल भारतीय स्पर्धेत भेटतात. थोडक्यात, मुख्य मोसम संपल्यानंतरचा जो खरा खेळ, तो आपल्याकडे कॉलेजच्या हातून निसटून विद्यापीठाच्या हाती जातो. या रचनेचा एक मोठा फायदा आहे. कॉलेजचा संघ पहिल्याच फेरीत हरला तरी त्यातला एखादा चांगला मुलगा विद्यापीठाचा गणवेश घालू शकतो. तोटा असा की लहान कॉलेजला 'आमचा संघ पुढे गेला' हे म्हणण्याची संधी वर्षातून एकदाच, त्या आंतरविभागीय दोन-तीन दिवसांत मिळते. त्या दोन-तीन दिवसांसाठी माझ्यासारखा पी.डी. वर्षभर जगतो. हे वाक्य लक्षात असू द्या.

अमेरिकेत रचना वेगळी आहे. तिथे मोसम संपल्यावरही कॉलेजचा संघ कॉलेजच्याच नावाने पुढे खेळतो. आणि गंमत अशी की अशा राष्ट्रीय स्पर्धेची सुरुवात मोठ्या विद्यापीठांनी केली नाही, लहान कॉलेजांनी केली. कॅन्ससमधील बेकर या छोट्या विद्यापीठाचे एमिल लिस्टन यांनी 1937 साली कॅन्सस सिटीत आठ संघांची स्पर्धा भरवली. वृद्ध नेस्मिथ त्यात सहभागी होते. दुसऱ्या वर्षी संघ 32 झाले. एकाच सभागृहात, एका आठवड्यात, विजेत्याने पाच सामने जिंकायचे. मोठ्यांच्या दोन स्पर्धा त्यानंतर, 1938 आणि 1939 साली सुरू झाल्या.

याच लहान कॉलेजांच्या स्पर्धेत एक गोष्ट घडली ती मी दरवर्षी माझ्या मुलांना सांगत असे. 1947 साली इंडियाना स्टेटच्या संघाला निमंत्रण आले. त्या संघात क्लॅरेन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय राखीव खेळाडू होता आणि स्पर्धेत कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. प्रशिक्षक जॉन वुडन यांनी निमंत्रण नाकारले. पहिल्या पाचात नसलेल्या एका मुलासाठी साऱ्या संघाची स्पर्धा सोडली. पुढच्या वर्षी तो नियम रद्द झाला, वुडन संघ घेऊन गेले आणि वॉकर खेळला. वुडन पुढे फार मोठे झाले, दहा राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. पण मला त्यांचे हे न खेळणे अधिक मोठे वाटते. दहा वर्षांनी याच स्पर्धेत टेनेसी ए. अँड आय. या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजने 1957, 1958 आणि 1959 अशी सलग तीन वर्षे विजेतेपद मिळवले. त्यांचे प्रशिक्षक जॉन मॅकलेंडन हे कॅन्सस विद्यापीठात प्रत्यक्ष नेस्मिथ यांचे विद्यार्थी, पण रंगामुळे तिथल्या संघात त्यांना कधी खेळू दिले गेले नव्हते.

ही गोष्ट मुलांना सांगणारा पी.डी. स्वतः कसा वागला, ते आता सांगायचे आहे.

त्याआधी खेळाडूंच्या भरतीविषयी दोन शब्द. तमिळनाडूत बास्केटबॉल हा लहान गावांचाही खेळ आहे. तेनी जिल्ह्यातील पेरियकुळमसारख्या गावात मे महिन्यात अखिल भारतीय स्पर्धा भरते. बँकांचे, रेल्वेचे, सैन्यदलांचे संघ तिथे येतात आणि सारे गाव रात्री दिव्यांखाली सामने बघते. एप्रिल 2022 मध्ये चेन्नईत झालेली वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा तमिळनाडूच्या पुरुषांनी जिंकली, त्यामागे अशी गावे आहेत. त्यामुळे बारावीचा निकाल लागला की मोठ्या कॉलेजांची माणसे गावोगाव फिरू लागतात. सहा फूट दोन इंचांचा मुलगा दिसला की त्याच्या घरी बैठक बसते. शुल्क माफ, वसतिगृह फुकट, खानावळ फुकट, वर्षाला बुटांचे दोन जोड. पुढे क्रीडा कोट्यातून रेल्वेत किंवा बँकेत चिकटण्याची आशा. विणकराच्या, शेतमजुराच्या घरात ही लहान गोष्ट नाही, आणि यात मला काही गैरही वाटत नाही. गैर आहे ते एवढेच की हे सारे बहुधा तोंडी असते. लहान कॉलेजच्या वाट्याला मग उरलेली मुले येतात: जी उशिरा उंच झाली, जी कोणाला दिसली नाहीत, किंवा ज्यांच्या आईने घर सोडू दिले नाही.

अमेरिकेत 1973 पासून 'तिसरा विभाग' म्हणून कॉलेजांचा एक मोठा वर्ग आहे. त्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. तरीही तिथले प्रशिक्षक मुलांच्या घरी जातात, पत्रे लिहितात. त्यांच्याकडे सांगण्यासारखे एकच असते: तू आमच्याकडे खेळशील, बाकावर बसणार नाहीस, आणि चार वर्षांनी पदवी घेऊन जाशील. मी ही रीत वाचली तेव्हा मला हसू आले, कारण नकळत मीही तिरुभुवनम्‌च्या गल्ल्यांतून हेच सांगत हिंडत होतो.

असाच एक मुलगा मला मिळाला. नाव सांगत नाही. विणकराचा धाकटा मुलगा, सहा फूट चार इंच. त्यांच्या घरी खड्डामाग होता आणि मुलाचे पाय त्या खड्ड्यात मावत नसत. म्हणून वडिलांनी त्याला कॉलेजात धाडले, असे ते स्वतः हसत सांगत. शाळेत तो कधीही बास्केटबॉल खेळलेला नव्हता. पहिले वर्ष नुसते उभे राहायला आणि उडी मारून दोन पायांवर परत यायला शिकवण्यात गेले. तिसऱ्या वर्षी, 1996 साली, आमच्या कॉलेजने इतिहासात प्रथमच विभाग जिंकला. मुख्याध्यापकांपासून, क्षमा करा, प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे आनंदले. शाळेत आल्यावर जीभ जुन्या वळणावर जाते.

आंतरविभागीय स्पर्धा ऑक्टोबरात तिरुचिरापल्लीला होती. तिच्या नऊ दिवस आधी कॉलेजच्या पत्त्यावर, 'द्वारा शारीरिक शिक्षण संचालक' असे लिहिलेले एक पत्र आले. मद्रासच्या एका मोठ्या संस्थेच्या संघाला तरुण खेळाडू हवे होते. मानधन, राहण्याची सोय, आणि कामगिरी चांगली राहिली तर नोकरी. विभागीय स्पर्धा पाहायला आलेल्या कोणीतरी त्याचे नाव कळवले होते. निवड चाचणीची तारीख दिली होती. ती नेमकी आमच्या उपांत्य सामन्याची तारीख होती.

मी ते पत्र दोनदा वाचले आणि टेबलाच्या खणात ठेवले.

मनाशी कारणे पुष्कळ दिली. चाचण्या काय, वर्षभर होत असतात. मुलाचे चित्त विचलित होईल. स्पर्धा झाली की मीच त्याला घेऊन मद्रासला जाईन. ही सगळी कारणे खरी होती आणि त्यांतले एकही खरे कारण नव्हते. खरे कारण असे की दहा वर्षांत पहिल्यांदा मला कॉलेजचे नाव फलकावर पाहायचे होते.

त्या दिवशी सकाळी पाऊस झाला. ईशान्य मोसमी पावसाचे दिवस. मैदान सिमेंटचे, उघडे. मुलांनी पोत्यांनी पाणी टिपले. तेव्हा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असे. पहिल्या डावात आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात समोरच्या प्रशिक्षकाने आमच्या उंच मुलाभोवती दोन जण उभे केले आणि आमच्या बाकीच्यांना लांबून बास्केट करता येईना. चार मिनिटे उरली असताना त्याची पाचवी चूक भरली आणि तो बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला. आम्ही तीन गुणांनी हरलो. तो रडला नाही. टॉवेल डोक्यावर घेऊन म्हणाला, "सार, विद्यापीठाची निवड तरी होईल ना?"

झाली. तो विद्यापीठाकडून दक्षिण विभागात खेळला, बाकावरून उठून दोन सामन्यांत थोडी थोडी मिनिटे. पण त्या मद्रासच्या संस्थेने आपल्या जागा भरल्या होत्या. मी पत्र लिहिले, दूरध्वनी केला, एकदा रात्रभर बसने जाऊनही आलो. उत्तर सौजन्याचे होते: पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी त्यांना उंच मुलगा नको होता, चेंडू पुढे नेणारा हवा होता.

पत्र मी त्याला तिरुचिरापल्लीहून परतल्यावर दिले. पाकिटावरचा टपालाचा शिक्का कोणालाही वाचता येत होता. त्याने काही विचारले नाही. वडिलांनी विचारले. संध्याकाळी ते घरी आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि अगदी साध्या स्वरात म्हणाले, "सार, हे कधी आलं होतं?" मी तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली. रेशमाचा धागा ताणून बघावा तसा तो कागद दोन्ही हातांनी धरून पुन्हा घडी केली आणि ते निघून गेले. मला कोणी बोल लावला असता तर बरे झाले असते.

मित्रहो, मी हे आजवर कोणत्याही सभेत सांगितलेले नाही. प्रशिक्षकांच्या शिबिरांत आम्ही मोठ्या कॉलेजांना नावे ठेवतो. ते आमची मुले पळवतात, असे आम्ही म्हणतो. 'आमची' हा शब्द त्या वाक्यात किती सहज येतो ते पाहा. मोठ्या कॉलेजने मूल नेले तर ती पळवापळवी, आणि मी खणात ठेवले तर ती संघनिष्ठा!

त्यानंतर मी एक रीत लावून घेतली. मुलाच्या नावाने काहीही आले तर ते त्याच दिवशी, त्याच्या घरी, आईच्या समोर उघडायचे. बहुतेक घरांत वडील मागावर असत, म्हणून आई. आणि मी पत्रासोबत काही प्रश्नही नेऊ लागलो, जे पालकांनी विचारावेत असे मला वाटे. आज इथल्या काही मुलांनाही पुण्या-मुंबईच्या कॉलेजांतून अशी बोलावणी येतात असे ऐकतो, म्हणून सांगतो. शुल्क माफ आहे ते तीनही वर्षांचे की पहिल्याच वर्षाचे, हे कागदावर मिळेल का? दुसऱ्या वर्षी गुडघा गेला तर वसतिगृहाची खोली राहील का? दौऱ्यामुळे बुडालेल्या तासांचे आणि परीक्षेचे काय करता? तुमच्या संघातल्या मागच्या पाच वर्षांच्या मुलांपैकी पदवी किती जणांनी घेतली? आणि शेवटचा, जो ऐकून भरती करायला आलेले गृहस्थ नेहमी थोडे थांबत: याच उंचीची तुमच्याकडे आधीच किती मुले आहेत? पाच असतील तर तुमचा मुलगा तीन वर्षे टाळ्या वाजवील. त्यापेक्षा आमच्यासारख्या फुटक्या सिमेंटच्या मैदानावर चाळीस मिनिटे खेळलेला बरा. पण तेही त्याने ठरवायचे, पी.डी.ने नाही.

या प्रश्नांमुळे दोन मोठ्या कॉलेजांची माणसे माझ्यावर रुष्ट झाली. एका कॉलेजने मात्र सगळ्याची लेखी उत्तरे दिली. तिथे मी पुढे चार मुले पाठवली आणि त्या वर्षांत आमचा संघ पहिल्याच फेरीत बाद होत राहिला. प्राचार्य मला विचारत, की पी.डी. सार, आपला संघ हल्ली पुढे का जात नाही? मी पावसावर ढकलत असे.

तो उंच मुलगा आज पन्नाशीच्या जवळ आहे. वाणिज्याची पदवी त्याने चांगल्या गुणांनी घेतली. आता रेशमी साड्यांच्या व्यवहारात आहे, हिशेब पाहतो, सांपत्तिक स्थिती बरी आहे. मागाच्या खड्ड्यात त्याचे पाय अजूनही मावत नाहीत. रोज पहाटे साडेपाचला तो गावातल्या मैदानावर तीस-एक मुलांना शिकवतो, विनामूल्य. मी निवृत्त झाल्यापासून कधीमधी खुर्ची टाकून बसतो. उडी मारून दोन पायांवर परत कसे यायचे, हे तो मुलांना नेमक्या माझ्याच शब्दांत सांगतो, आणि त्या एका जागी मला मान वर करवत नाही.

त्याचा मुलगा यंदा बारावी झाला. बापापेक्षा दोन इंच उंच. मेच्या शेवटच्या आठवड्यात बाप-लेक दोघेही माझ्याकडे आले. मुलाच्या मोबाइलवर एका कॉलेजचा संदेश होता: निवड चाचणीवाचून प्रवेश, सारे काही माफ, आठ दिवसांत कळवा. बापाने तो मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "सार, तुम्हीच वाचा." मी वाचला. मग त्या मुलाच्या आईला फोन करून बोलावून घेतले आणि तिच्यासमोर पुन्हा मोठ्याने वाचला. आम्ही चौघांनी मिळून ते पाच प्रश्न तमिळमध्ये लिहिले आणि त्याच दुपारी पाठवले. परवा मी सोलापूरच्या गाडीत बसलो तोपर्यंत पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आली होती.